पडद्यामागची वेबसाइट

दार तुम्ही बांधलंत, पाटी तुम्ही लावलीत, आत औषधही आणून ठेवलंत. आणि बाहेर कुलूप घालून पाहुण्याची वाट पाहत बसलात. तुम्हाला कुणी खुनी म्हणणार नाही. म्हणून ही गोष्ट.

एका डोंगराळ तालुक्यात तेजल नावाची मुलगी होती. कॉम्प्युटर शिकून ती गावी परतली होती. त्या भागात भातकापणीच्या दिवसांत साप चावून माणसं मरत. सापावरचं इंजेक्शन एका आरोग्य केंद्रात असे, दुसऱ्यात संपलेलं असे. लोक एकेका केंद्राला फोन करत. कुणी उचले, कुणी नाही. तेजलने एक वेबसाइट तयार केली. प्रत्येक केंद्रातल्या नर्सबाई रोज सकाळी साठा लिहितील आणि तो कुणालाही फोनवर दिसेल.

गावच्या सेवा मंडळाने मदत देऊ केली. वेबसाइटच्या पत्त्यासाठी तेजलने दोन शब्दांचं सोपं नाव निवडलं होतं: सापमदत. मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव हसले. "अगं, चांगल्या कामाला सापाचं नाव देतात का कुणी? आमच्या वडिलांचं घाल. पूर्ण घाल, आडनावासकट."

दोन महिने यातच गेले. शेवटी तेजलने आपला आग्रह सोडला. काम होतंय ना, मग नावाचं काय, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

वडिलांच्या पूर्ण नावाचा पत्ता घेतला. वेबसाइट इंटरनेटवर चढली. नर्सबाई रोज साठा लिहू लागल्या. चौकात, एसटी थांब्यावर मोठे फलक लागले: 'साप चावला? आधी इथे पाहा.' वर वडिलांचा फोटो, खाली तो लांबलचक पत्ता.

"पण लोकांसाठी इतक्यात उघडायची नाही," दिनकरराव म्हणाले. "मंत्रीसाहेब येऊन बटण दाबतील. तोवर पडदा ठेव."

"काका, कापणी सुरू झालीय."

"बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. इतकी वर्षं थांबलोच ना?"

तेजलने पडदा लावला: हार घातलेला तोच फोटो आणि खाली 'लवकरच आपल्या सेवेत'. तो काढायला तिला एक क्षण पुरला असता. रोज सकाळी तिचा हात तिथवर जाई आणि मागे येई.

नवव्या दिवशी भर दुपारी करंजघरच्या शेतात यमुना गुरवला घोणस चावली. तिच्या नवऱ्याने फलकावरचा पत्ता फोनवर टाकला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा फोटो उघडला. पुढचं अजून यायचंय असं समजून तो स्क्रीनकडे पाहत राहिला. मग जवळचं केंद्र म्हणून रिक्षा सातकोंडला नेली. तिथे इंजेक्शन संपलेलं होतं. उलट दिशेच्या केंद्रात सहा होती. पडद्यामागे ते सकाळीच लिहिलेलं होतं. परतीच्या रस्त्यावर रिक्षातच यमुनाने प्राण सोडला.

तेजलने त्याच संध्याकाळी कुणालाही न विचारता पडदा काढला. मंत्री आलेच नाहीत.

तात्पर्य: जीव वाचवणारी गोष्ट मानपानासाठी अडवून धरणारा दोषी असतो, आणि उघडणं हातात असून ती अडवू देणाराही तितकाच दोषी असतो.

तेजलला हे कुणी इतक्या शब्दांत सांगितलं नाही. यमुनाला नेणारा रिक्षावाला इस्माईल तिला चौकात भेटला, तेव्हा फलकाकडे बघत एवढंच म्हणाला, "ताई, हा बोर्ड नसता, तर आम्ही नेहमीसारखे फोन तरी केले असते."