समुद्रातला ठोकळा आणि हट्टी ओझं

"शंभर वर्षं टिकेल म्हणतोस? मग सिद्ध करून दाखव!"

खाजणपूरचे राजे रणधीरसिंह असं म्हणाले आणि धाकोजी गवंड्याचा चेहरा त्याच्याच चुन्यासारखा पांढरा पडला.

राजांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्यांना समुद्रात बसून जेवायची हौस होती. त्यासाठी पाण्यात उभारलेला लाकडी चौथरा ऐन मेजवानीत मोडला. कोळ्यांनी जाळं टाकून राजांना बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या तोंडात अर्धा अनारसा तसाच होता. त्या दिवसापासून त्यांचा लाकडावर काडीचा विश्वास राहिला नव्हता.

म्हणून धाकोजीने काँक्रीटचा चौथरा सुचवला. आपलं आजचं काँक्रीट नव्हे हं, त्याचा पणजोबा! शिंपल्यांचा चुना, वाळू, खडी आणि गुळाचं पाणी कालवून साच्यात ओतलेलं. नमुना म्हणून एक भलामोठा ठोकळा त्याने ओहोटीच्या वेळी समुद्रात बसवलाही होता.

राजांनी तो पाहिला आणि नाक मुरडलं.

"रिकामा ठोकळा काय, कसाही टिकेल. वर ओझं आणि भोवती खारं पाणी, दोन्ही एकदम सोसलं पाहिजे. ओझं म्हणून तूच बस त्याच्यावर. ठोकळा ओझ्याला पुरून उरतो हे सिद्ध होईपर्यंत उतरायचं नाही."

"आनि ते कधी सिद्ध व्हनार, म्हाराज?"

"शंभर वर्षांनी. आम्हाला घाई नाही." मग राजे प्रधानजींकडे वळले. "आणि काय हो, आम्ही स्वतः सांगितलं तरी हा हुकूम फिरवायचा नाही. आमचं मन फार हळवं आहे."

झालं! धाकोजी ठोकळ्यावर, ठोकळा समुद्रात, आणि काठावर भालेवाले शिपाई.

धाकोजीची मुलगी साळू शिंपल्या भाजून चुना करायची. तिच्या कानावर बातमी पडली तशी ती धावत किनाऱ्यावर आली. बाप कमरेइतक्या पाण्यात बसून खोकत होता. पौर्णिमा तोंडावर आली होती. उधाणाची भरती आली की ठोकळ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून पाणी जातं, हे साळूला पक्कं ठाऊक होतं.

"साळू, घरी जा," धाकोजी ओरडला. "शेळी बांधायची राहिलीय."

"शेळी बांधून आले, बाबा. आता तुमाला सोडवते."

ती तडक दरबारात गेली. पायाची वाळूसुद्धा झटकली नाही.

"म्हाराज, बापाला उतरवा असं म्हनायला मी नाय आले. तुमची परीक्षा खोटी चाललीय, ते सांगायला आले."

"खोटी? आमची?"

"चौथऱ्यावर बसून जेवनार कोन?"

"आम्ही."

"मंग ओझं बापाचं कशाला? माझा बाप म्हंजे वाळलेला बोंबील. अंगरखा म्हाराजांचा आनि माप बोंबलाचं, असा शिंपी कुठं बघितलाय काय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. राजांनी रागाने वळून पाहिलं, पण हात आपसूक स्वतःच्या पोटावरून फिरला. चांगला लांबवर फिरावा लागला.

"मुलगी खरं बोलते," राजे म्हणाले. "खरं ओझं आमचंच! हुकूम तोच, ओझं तेवढं बदला. उतरवा त्या बोंबलाला!"

ओहोटीला राजे जेवणाचं ताट घेऊन थाटात ठोकळ्यावर बसले. साळूने बापाला घोंगडीत गुंडाळून काठावर बसवलं आणि स्वतः प्रधानजींच्या होडीत चढली.

पहिला घास मजेत गेला. दुसरा घास घारीने नेला. मग भरती लागली. पाणी गुडघ्यांना लागलं, पोटाला लागलं, बघता बघता छातीवर आलं. एक खेकडा राजांच्या धोतरात शिरला आणि तिथे त्याला आवडलं.

"उतरवा आम्हाला!" राजे ओरडले.

"क्षमा असावी, महाराज," होडीतून प्रधानजी म्हणाले. "आपण स्वतः सांगितलं तरी हुकूम फिरवायचा नाही, असा आपलाच हुकूम आहे."

"अहो, मग आम्ही काय शंभर वर्षं इथंच बसायचं?"

"मधूनमधून येऊन बघत जाऊ, महाराज."

इतक्यात एक लाट राजांच्या मिशांवरून गेली. राजांनी केविलवाणेपणाने साळूकडे पाहिलं. साळूने वल्ह्याने ठोकळ्यावर ठकठक केलं.

"म्हाराज, ठोकळा काय तक्रार करतोय काय?"

राजांनी खाली हात घालून चाचपलं. "नाही बुवा. जसाच्या तसा आहे."

"ठोकळा गप हाय आनि ओझं वरडतंय. पुरून कोन उरलं?"

"ठोकळा! पण शंभर वर्षं...?"

"बाप उठला असता तर मीच म्हनले असते, ओझं लेचंपेचं होतं. पन या मुलखात तुमच्यापेक्षा जड मानूस नाय, आनि तुमच्यापेक्षा हट्टी तर अजून जन्मायचाय. तुमाला एक भरती सोसली नाय. मंग शंभर वर्षांत दुसरं कोनतं ओझं या ठोकळ्याला हरवनार?"

राजांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते असे खदाखदा हसू लागले की होडी डुचमळली. तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, तरी हसणं थांबेना. ठोकळा मात्र तसूभर हलला नाही.

"सिद्ध झालं! प्रधानजी, सिद्ध झालं, आता तरी उतरवा! चौथरा धाकोजीच बांधेल, आणि त्यावरच्या पहिल्या जेवणाला साळू आमच्या पंगतीत बसेल. ओहोटीला हो, ओहोटीला!"

होडीत चढल्या चढल्या राजांनी कमरेची सोन्याची साखळी सोडून साळूच्या हातात ठेवली. साखळीला तो खेकडा अजून घट्ट धरून होता.

"हाही तुलाच," राजे म्हणाले.

त्या रात्री धाकोजीच्या घरी खेकड्याचं झणझणीत कालवण झालं.