झाकण धरून बसलेली ट्यूब

फार पूर्वी एका लाकडी पेटीत तैलरंगांच्या ट्यूबा राहत. त्यांतली पांढरी सदा धास्तावलेली असे. शेजारची पिवळी पिळून पिळून चपटी होताना ती रोज पाहायची, आणि पेटी उघडली की कोपऱ्यात दडायची.

पेटीची मालकीण शकूताई नदीकाठी बसून चित्रं काढायला नुकतीच शिकत होती. एका सकाळी पाण्यावर ऊन चमकलं आणि तिने पांढरी उचलली.

"मेले आता!" म्हणत पांढरीने झाकण गच्च धरलं. शकूताईने फडक्याने पिरगाळून पाहिलं, काडी पेटवून झाकण शेकलं. पण पांढरीने झाकण सोडलं नाही. तोवर पाण्यावरचं ऊन सरकलं. पाण्यावरची चमक न रंगवताच चित्र संपवावं लागलं.

पुढे पांढरी आतल्या आत वाळून दगड झाली. शकूताईने ती आणि रिकामी पिवळी एकदमच केराच्या टोपलीत टाकल्या. समोरच्या भिंतीवर ते चित्र टांगलेलं होतं.

"शेवटी तूही इथेच आलीस ना?" पांढरीने विचारलं.

"आले की. पण ते काठावरचं पिकलं गवत बघ, ती मी आहे. तू कुठे आहेस गं?"

पांढरीने चित्रभर स्वतःला शोधलं. नदी काळीच होती.