डॉगची आत्या

सुनेचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, श्रावणातल्या दर शुक्रवारी एक हसरी गोष्ट सांगेन, असं मी जिवतीला बोलले होते. त्यातलीच ही एक.

एका संस्थानात पाहुणा आलेला साहेब महाराजांना म्हणाला, "कुत्र्याला पूर्वी आम्ही हाउंड म्हणायचो. मग डॉग हा शब्द कुठून आला, देव जाणे! हाउंड उरला तो शिकारी कुत्र्यापुरता. डॉगचं मूळ आमच्या पंडितांनाही सापडलेलं नाही."

"आमच्या दरबारात सापडेल!" महाराज बोलून गेले.

शास्त्रीबुवांनी हात जोडले. इंग्रजीच्या मास्तरांना अचानक ताप भरला. महाराज मात्र हट्टाला पेटले. त्यांनी कुत्री सांभाळणाऱ्या गोंदाला बोलावलं.

"दिवसभर कुत्र्यांत असतोस ना? मग डॉग हे नाव कुणी ठेवलं, ते उद्या दरबारात सांग. नाहीतर चाकरी गेली!"

गोंदा घरी येऊन मटकन बसला. पदरात चार पोरं! त्याची बहीण ठकूबाई म्हणाली, "दादा, आधी भाकरी खा. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी तीच पुढं झाली.

"बोल, कुणी ठेवलं नाव?"

"आत्यानं, महाराज!"

दरबार खो खो हसला.

"हसता काय? बारशाला नाव कोण ठेवतं? आत्याच ना! ती आधी बाळाच्या कानात कुर्रर्र करते. साहेबांचे पंडित काय पाळण्यापाशी उभे होते?"

साहेब मिशीत हसला. महाराज हटेनात. "मग त्या आत्याचं नाव सांग!"

"सांगते की. पण महाराजांचं नाव कुणी ठेवलं?"

"अक्कासाहेबांनी. आमच्या थोरल्या आत्या. इथंच राजवाड्यात असतात."

"अक्कासाहेब तर सगळेच म्हणतात. त्यांचं नाव काय?"

महाराजांनी तोंड उघडलं. मिटलं. दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी छताकडे पाहू लागले.

"महाराज, तुमची आत्या पलीकडच्या दालनात, तरी तिचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. मग साता समुद्रांपलीकडची, शेकडो वर्षांपूर्वीची आत्या माझ्या दादानं कुठून हुडकायची?"

महाराज असे हसले, की पागोटं कलंडलं! गोंदाची चाकरी राहिली. ठकूबाईला आत्याच्या मानाचं जरीचं लुगडं मिळालं. आणि महाराज तसेच उठून अक्कासाहेबांकडे गेले.

"आत्या, तुमचं नाव काय हो?"

"कुठलं सांगू?" अक्कासाहेब म्हणाल्या. "माहेरचं की सासरचं?"

तुम्हीही आज आपापल्या आत्याला विचारून घ्या हं!