धण्याचे चार तुकडे

माणसाने कोठारं बांधली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका बांधावर मुंग्यांची तीन वारुळं होती. दाणा फोडून ठेवला की ओलीत उगवत नाही, म्हणून प्रत्येक वारुळात दाणे फोडणारी आपापली मावशी असे.

एकदा पहिल्या वारुळात अर्धे केलेले धणेही उगवले. तिथली मावशी तेव्हापासून चार तुकडे करू लागली, पण शेजारी कुणाला कळलंच नाही. पुढच्या ओलीत दुसऱ्या वारुळात, झिपरी मुंगीच्या घरी, अर्ध्या धण्यांना कोंब फुटले आणि हिवाळ्याची निम्मी बेगमी गेली.

पहिल्या वारुळातली गोष्ट उशिरा कानावर आली, तशी झिपरी तणतणत आपल्या मावशीपुढे आली. "एकच चूक प्रत्येकाने नव्याने करायची का? आता तिसऱ्या वारुळाची पाळी! तिघी मावश्या एकाच दगडावर बसून सगळ्यांचे दाणे फोडा."

"आमच्या सात पिढ्या घरातच फोडत आल्या, भवाने."

"म्हणूनच सात पिढ्या अर्धपोटी!"

मावशी फुरंगटून का होईना, दगडावर आली. बसते न बसते तोच शेजारणीवर खेकसली, "अगं, मुगाचा डोळा आधी कुरतडावा, कोंब तिथूनच फुटतो!"

त्या दिवसापासून तिन्ही वारुळांत धण्याचे चार तुकडे होऊ लागले आणि मूगही टिकू लागले. झिपरीच्या ओठांवर आलं होतं, 'बघितलंस?' पण मावशीचा शिकवण्यात रंगलेला चेहरा पाहून तिने पुढचा दाणा सरकवला.