आतलं चाक

डांबरी रस्ता जिथं संपतो, त्याच्याही पलीकडं डोंगरात एक गाव होतं. त्या गावात तुळाजी नावाचा एक ट्रकवाला राहत होता. पंचक्रोशीत ट्रक त्याचा एकट्याचाच. त्याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही.

गावच्या महादेवापुढं नंदी नव्हता. म्हणून गावानं यल्लप्पा पाथरवटाला नंदी घडवायला शिळा काढायला सांगितली. म्हाताऱ्यानं सगळा हिवाळा खालच्या खाणीत काढला. सुरुंग लावला नाही. छिन्नीनं खाचा पाडल्या, त्यांत लाकडाच्या पाचरी ठोकल्या, पाचरींवर पाणी ओतलं आणि वाट पाहिली. लाकूड फुगत गेलं. एका सकाळी डोंगरानं शिळा सोडली. काळी, अखंड, बसलेल्या बैलाच्या दुप्पट. माणसं बघायला आली ती कुणी न सांगता पायताणं काढून उभी राहिली.

ही शिळा वर न्यायची जोखीम तुळाजीची. वाट सगळी कातळाची. मधे उंचवटा, दोन्ही कडांना उतार, दगड सुरीसारखे. तुळाजी टायर घ्यायला तालुक्याला दाऊदभाईंच्या दुकानात गेला.

"डोंगरात टायरचं तोंड बघू नये, कूस बघावी," दाऊदभाई म्हणाले. "कातळ समोरून चावत नाही. कुशीत चावतो."

टायरच्या बाजूच्या भिंतीवर थाप मारत त्यांनी जाड कुशीचे, खोल नक्षीचे टायर काढले. तुळाजीनं अंगठा दाबून पाहिला. रबर हललं नाही.

ट्रकच्या मागं जोडचाकं असतात. बाहेरचं दिसतं, आतलं त्याच्या आड राहतं. तुळाजीनं पुढचे दोन आणि मागचे बाहेरचे दोन टायर नवे घेतले.

"आणि आतले?"

"जुनेच चालतील. त्यांना कोण बघतंय?"

"तुळाजीशेट, गाडी डोंगरात न्यायची आहे का पोरगी दाखवायची आहे?"

तुळाजी हसला. आतल्या टायरांचे पैसे त्यानं रंगाला आणि टपावरच्या पितळी घुंगरांना घातले.

ठरल्या दिवशी गाव खाणीवर लोटलं. बायांनी चाकांना हळदकुंकू लावलं. असे टायर इकडं कुणी पाहिले नव्हते. जो तो हात लावून बघत होता. तुळाजी फेटा बांधून बाजूला उभा होता आणि कौतुक ऐकत होता.

मग ओंडक्यांवरून शिळा सरकू लागली. इंच इंच. ती गाडीच्या फळ्यांवर आली आणि खालचे स्प्रिंगचे पाटे कण्हले. गाडी खाली बसली. माणसं आपसूक दोन पावलं मागं सरली. त्या वजनाजवळ थांबायची कुणाची छाती नव्हती.

तुळाजी वाकला. त्यानं दोन चाकांच्या मधल्या अंधारात पाहिलं. बाहेरचा टायर ताठ होता. आतला पोळीसारखा दबला होता, आणि त्याच्या कुशीवर बोटभर चीर उघडली होती. गाडी वाटेवरच उभी होती, आणि वाटेचा उंचवटा मधे होता. भार सगळा आतच उतरला होता.

दुसरं कुणी वाकलं नाही. तुळाजी उठला, हात झटकले आणि गाडीत बसला.

चढणीच्या एका अंगाला दरी होती. पायथ्याशी यल्लप्पा दगड काखेत घेऊन मागच्या चाकाशी येऊन उभा राहिला. गाडी मागं आली तर चाकाखाली दगड सरकवायचा, हे काम त्यानं मागून घेतलं होतं.

"बाबा, तुम्ही नको मागं," तुळाजी खिडकीतून म्हणाला. "तरणं माणूस राहू दे."

"हिवाळाभर तिच्यापाशी होतो. आता कुठं जाऊ? आणि तू टायर दांडगे घेतलेस म्हणतात. मग भ्यायचं कशाला?"

तुळाजीनं गाडी चढणीला घातली. चार हात गेली असेल. बसल्या जागी त्याला खालून काहीतरी सैल झाल्यासारखं जाणवलं. आरशात म्हातारा दिसत होता, एक तळवा शिळेवर ठेवून चालणारा. हा मेला तरी लोक म्हणतील, देवाची मर्जी. टायर तर नवे होते.

त्यानं ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला आणि उतरला.

"मागून बाजूला व्हा सगळे," तो म्हणाला. "आतली चाकं सडकी आहेत. मला ठाऊक होतं."

 बायांच्या घोळक्यातून सगुणाआत्या म्हणाली, "घुंगरं मात्र नवी आहेत."

तुळाजीनं ते ऐकून घेतलं. यल्लप्पा जागचा हलेना, तेव्हा त्यानं म्हाताऱ्याला दंडाला धरून ओढत बाजूला नेलं. दोघं दहा पावलं गेले नसतील तोच आतला टायर फुटला. डोंगरानं तो आवाज परत दिला. एकट्या बाहेरच्या टायरवर सगळा भार आला, आणि तोही फुटला. गाडी कलली. शिळेला बांधलेले दोरखंड सुतासारखे तुटले. शिळा म्हातारा उभा होता नेमक्या त्याच जागी उतरली, तिथून घरंगळत दरीत गेली. किती तरी वेळ खालून आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

यल्लप्पा दरीच्या काठावर जाऊन उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "डोंगरात दगड आहेत अजून."

दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं दुसरी शिळा काढली. तुळाजी पुन्हा दाऊदभाईंकडं गेला. या खेपेला त्यानं आतल्या चाकांपासून सुरुवात केली. प्रत्येक टायरच्या कुशीवरून हात फिरवला, मगच पुढचा मागितला.

गाडी चढण चढली. खाली कातळ करकरत होता, वर ती काळी शिळा आभाळाला टेकल्यासारखी हळूहळू सरकत होती. यल्लप्पा तिच्या मागं चालत होता. लोक हात जोडून तिच्याकडं बघत राहिले. चाकांकडं कुणी पाहिलं नाही. तुळाजीलाही आता कुणी पाहावं याची गरज उरली नव्हती.

तात्पर्य: लोक बाहेरचं बघतात, पण ओझं आतल्यावर बसतं. म्हणून जे कुणाला दिसत नाही, ते आधी पक्कं करावं.