फुकटची शीळ

एका माळावर एक सशीण राहत असे. जंगल नव्हे बरं का, माळ. गोष्ट म्हटली की लोकांना लगेच घनदाट अरण्य लागतं, मला नाही लागत. इथे होतं ते उंच पिवळं गवत, मधूनमधून एखादं हिवराचं झाड, एखादी बोर, आणि थंडीत पहाटे उतरणारं धुकं. त्या धुक्यात समोरचं झाड खरंच आहे की आपल्याला नुसतं आठवतंय, तेही कळत नसे.

सशिणीला दोन पिल्लं होती. थोरली लेक बोरीखाली आणि धाकटा लेक हिवराखाली. आणि ती स्वतः कुठे? तर दोघांपासून लांब, ओढ्याकाठच्या गवतात. आता तुम्ही म्हणाल, ही कसली आई! थांबा, आधी ऐका. सशाच्या लहान पिल्लाच्या अंगाला फारसा वास नसतो, पण आईच्या अंगाला असतो. आई जवळ बसली की तिच्या वासामागे कोल्हा येतो. म्हणून सशिणी पिल्लांना वेगवेगळं लपवतात, दिवस मावळला की एकदाच जाऊन दूध पाजतात आणि पुन्हा लांब जाऊन बसतात. दिवसभर पिल्लांचं काय चाललंय, त्यांना कळत नाही. आपला जीव टांगणीला लावायचा आणि गप्प बसायचं, ही त्यांची पूर्वापार रीत.

त्या माळावर एक कोतवाल पक्षी होता. काळाकुळकुळीत, शेपटीला दोन टोकं, आणि गळा असा गोड की ऐकणाऱ्याच्या पापण्या जड व्हाव्यात. एका सकाळी सशीण कोवळ्या उन्हात अंग शेकत बसली होती, तेव्हा तो येऊन शेजारच्या फांदीवर बसला.

"ताई, किती गं काळजी करतेस!" तो म्हणाला. "मी झाडावरच तर असतो. तुझ्या पिल्लांच्या डोक्यावर बसून दिवसभर शीळ घालत राहीन. शीळ आली की समजायचं, सगळं ठीक आहे. तू आपली निवांत झोप."

"खरंच? आणि त्याबद्दल तुला काय द्यायचं, दादा?"

"छे छे! काही नको. फुकट. तुझ्या चेहऱ्यावरचं समाधान पाहिलं की माझं पोट भरतं."

समाधानानं पोट भरणारं पाखरू मी तरी अजून पाहिलेलं नाही. पण सशिणीला त्या क्षणी दुसरंच काही दिसत होतं. बोरीखालचे दोन इवलेसे कान दिसत होते, हिवराखालचं थरथरणारं नाक दिसत होतं. दिवसभर नुसतं झुरण्यापेक्षा कुणी कळवत राहिलं तर काय वाईट?

शेजारच्या गवतातून तितरीण म्हणाली, "घे गं, घे! मी तर कधीच हो म्हणून बसले. आपल्यासारख्यांकडे लपवण्यासारखं असतं तरी काय?" हे ती गवतात अंग चोरून, मान खाली घालून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली. जन्मभर लपून राहणारी बाई ती! पण बोलताना माणसाला स्वतःकडे कुठे बघायला होतं? तितरिणीलाही झालं नाही.

"आता तेवढ्या अटी ऐकून घे," कोतवाल म्हणाला, आणि अटी गाऊ लागला. हो, गाऊ लागला. अंगाईच्या चालीवर, लांबच लांब, एका अटीच्या पोटात दुसरी अट. वारा गवतावरून हात फिरवत होता. ऊन पाठीवर उबदार बसलं होतं. दूर कुठेतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या की गाण्यातच होत्या, सशिणीला कळेना. पहिल्या दोन अटी तिने ऐकल्या, तिसरी अर्धी ऐकली, आणि मग ती झोपली. तुम्हाला ठाऊक असेल, ससा डोळे उघडे ठेवून झोपतो. हे कोतवालालाही चांगलं ठाऊक होतं.

गाणं संपवून त्याने विचारलं, "मान्य?" झोपेत सशिणीची मान पुढे कलंडली. "मान्य!" कोतवाल म्हणाला आणि उडून गेला.

हसू नका. तुमच्या घरी मोबाइलवर काहीतरी नवीन उघडतं, लांबलचक मजकूर येतो, आणि घरातलं मोठं माणूस एक ओळही न वाचता 'मान्य आहे' वर बोट ठेवतं की नाही? सशीण बिचारी निदान खरोखर झोपलेली होती.

त्यानंतरचे दिवस मात्र फार सुखाचे गेले. सशीण ओढ्याकाठी पडून राही. बोरीकडून शीळ येई, मग हिवराकडून येई. ठीक आहे, ठीक आहे. तिला वाटे, आपण पाण्यावर तरंगतोय. उघड्या डोळ्यांपुढून गवत लाटांसारखं सरके, आणि त्या लाटांवरून तिची पिल्लं धावत येत, मोठी होत, पुन्हा लहान होत. जागेपण कुठे संपतं आणि स्वप्न कुठे लागतं, याचा तिला पत्ता नसे. काळजी म्हणून काही असते, हेच ती विसरली.

मग एका संध्याकाळी ती दूध पाजायला निघाली. धाकटा हिवराखाली टुणकन उठून बसला, पोटभर प्यायला. ती बोरीकडे गेली. बोरीखालचं गवत आडवं पडलं होतं. तिथे लेक नव्हती. नुसता कोल्ह्याचा वास होता. सशिणीने सगळीकडे हुंगलं, पुन्हा तिथेच येऊन हुंगलं. तिची थोरली गेली होती.

वर बोरीच्या फांदीवर कोतवाल बसला होता, आणि शीळ घालत होता. ठीक आहे.

"अरे, काय ठीक आहे?" सशीण किंचाळली. "माझी लेक कुठे आहे? तू दिवसभर इथूनच शीळ घालत होतास ना?"

"घालतच होतो की," कोतवाल शांतपणे म्हणाला. "शीळ घालायची ठरली होती, घातली. एकदाही खंड पडू दिला नाही. हवं तर तितरिणीला विचार."

"कोल्ह्याला जागा कुणी सांगितली?"

"पिल्लांबद्दल मी कुणाशी एक अक्षर बोललो असेन तर शपथ! मी बोरीवर बसतो आणि हिवरावर बसतो, एवढंच त्याच्या कानावर घातलं. मी कुठे बसतो, ते मी कुणालाही सांगू शकतो. तशी अट होती. तू मान डोलावलीस."

"मी झोपले होते रे!"

"डोळे तर टक्क उघडे होते तुझे, ताई," कोतवाल म्हणाला.

आता यात त्याचा काय फायदा, असं तुम्ही विचाराल. सोपं आहे. कोल्हा गवतातून धावला की गवतातले नाकतोडे उडतात, आणि कोतवाल ते हवेतल्या हवेत मटकावतो. कोल्ह्याला जितकं धावायचं कारण मिळेल, तितका कोतवाल गुबगुबीत होणार. त्याचं पोट समाधानानं भरत नव्हतं, नाकतोड्यांनी भरत होतं. आणि सशीण, तिची लेक, तितरिणीची पिल्लं, ही सगळी कोल्ह्याला धावायला लावायची कारणं होती. मला तर हे सांगतानाही राग येतो.

सशीण रडली, आणि मग म्हणाली, "हिवरावर बसू नकोस. तुझी शीळ मला नको. आजपासून बंद."

"बंद करता येते ना," कोतवाल गोड आवाजात म्हणाला. "उजाडलं की पिल्लाशेजारी उभी राहा आणि माझ्याकडे बघून मोठ्याने ओरड, बंद, बंद, बंद. दुसरीकडून सांगितलेलं चालत नाही. तशीही अट आहे."

पिल्लाशेजारी उभं राहून ओरडायचं! म्हणजे कोतवालाला सांगायचं ते आधी कोल्हाच ऐकणार. सशिणीला सगळं उमगलं. परतताना तिला तितरीण भेटली. सशिणीने झाला प्रकार सांगितला, तर तितरीण म्हणाली, "अगंबाई, फार वाईट झालं! माझीही पिल्लं हल्ली कमी दिसतात खरी. पण शीळ कशी वेळच्या वेळी येते, नाही?" कपाळावर हात मारता आला असता तर सशिणीने मारला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं उतरलं. इतकं दाट की हिवराला स्वतःच्या फांद्या दिसल्या नसत्या. कोतवालाचं सगळं बळ त्याच्या डोळ्यांत, आणि धुक्यात डोळ्यांचा काय उपयोग? सशीण हळूच हिवराखाली गेली. "चल," ती धाकट्याच्या कानात म्हणाली. "बोलू नकोस. माझ्या मागून ये." दोघं पांढऱ्या दुधासारख्या धुक्यातून चालत राहिली. पिल्लाला वाटलं, आपण झोपेतच आहोत. माळाच्या टोकाला मुरमाड जागा होती, गवताचे खुरटे झुबके तेवढे होते, आणि पाखराला बसायला दूरदूरवर एक फांदी नव्हती. तिथे एका झुबक्यात तिने त्याला बसवलं, एकदा चाटलं, आणि ती मागे फिरली.

ती कुठे गेली असेल? हिवराखाली. धाकट्याच्या जागेवर जाऊन तिने कान पाठीला चिकटवले, पाय पोटाशी घेतले आणि जमेल तेवढी लहान होऊन बसली. तिला भीती वाटत होती. फार वाटत होती. पण ती हलली नाही. धुकं विरळ झालं, वर पंख फडफडले, कोतवालाला खाली तपकिरी पाठ दिसली, आणि शीळ आली. ठीक आहे.

शिळेपाठोपाठ गवत हललं. कोल्हा आला, दबकत, जिभल्या चाटत. तो अगदी झेपेच्या अंतरावर आल्यावर सशीण उसळली.

"अरेच्चा! ही तर भलीमोठी निघाली!" कोल्हा ओरडला. "कोतवाला, मला फसवतोस होय रे?"

कोतवाल तोवर उडालेला नाकतोडा मटकावत होता. सशीण धावली ती पिल्लाच्या उलट दिशेला, थेट टेकडीच्या चढावर. चढावर धडधाकट सशाला धरणं कोल्ह्याच्या आवाक्यातलं नसतं. अर्ध्या चढावर त्याला धाप लागली आणि तो शेपूट ओढत माघारी गेला.

पण गोष्ट इथे संपली नाही. खरा अवघड भाग तर पुढे होता. सशीण टेकडीवर एका धोंड्याआड बसली, आणि पुढे अख्खा दिवस पडला होता. कुठूनही शीळ नाही. ठीक आहे म्हणणारं कुणी नाही. पिल्लाने नवी जागा सोडली असेल का? त्याला ऊन लागत असेल का? दुसरा एखादा कोल्हा तिकडून गेला असेल तर?

दुपारी कोतवाल तिला शोधत आला. "ताई, काय हे! धाकटा आता कसा आहे, तुला तरी ठाऊक आहे का? जागा सांग. मी आत्ता पाहून येतो. एका शिळेत तुझा घोर जाईल."

मुलांनो, तिला सांगावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. एक शीळ, फक्त एक, आणि जिवाला पुन्हा तो तरंगता निवांतपणा. कोतवालाने हळूहळू तेच गाणं धरलं, त्याच चालीवर, आणि ऊन पुन्हा पाठीवर येऊन बसलं. सशिणीच्या पापण्या जड झाल्या. तेव्हा ती उभी राहिली आणि तिने मागचा पाय जमिनीवर जोरात आपटला.

"मी जागी आहे," ती म्हणाली. "आणि मी नाही म्हणते."

कोतवाल दुसऱ्या एखाद्या आईच्या शोधात उडून गेला.

दिवस मावळला. सशीण खाली उतरली. ती धावली नाही, कोल्ह्याला वास लागू नये म्हणून लांबचा वळसा घेत गेली, आणि प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, तिथेही गवत आडवं पडलेलं असणार. मुरमाड जागा आली. खुरट्या झुबक्यातून एक नाक बाहेर आलं.

धाकटा दूध प्यायला. पिऊन झाल्यावर म्हणाला, "आई, आज वर बसून कुणी गातच नव्हतं. सगळं गप्प होतं. मला भीती वाटली."

"वाटू दे, बाळा," सशीण म्हणाली. "मलाही वाटत होती." मग तिने त्याला नीट चाटलं आणि अंधार व्हायच्या आत ती तिथून निघून गेली.

तात्पर्य : आपली काळजी जो फुकटात वाहून न्यायला येतो, त्याचं पोट कशावर भरतं ते आधी विचारावं, आणि आपल्या माणसांचा ठावठिकाणा त्याच्या हाती देण्यापेक्षा थोडी काळजी आपल्याजवळच राहू द्यावी.