दोनपर्यंत मोजणारी डुकरीण

एका गावात एक दुनळी बंदूक होती आणि त्या बंदुकीला एक माणूस होता. माणसाचं नाव हैबतराव. लोक आधी बंदुकीला रामराम करत, मग हैबतरावाला.

बंदूक होतीच तशी. आज्याला संस्थानच्या राजानं बक्षीस दिलेली. दस्ता अक्रोडाचा, त्यावर चांदीचा मोर. दोन नळ्या अशा शेजारी शेजारी जोडलेल्या की मधून केस जायचा नाही. दोन्हींचा नेम एकाच जागी पडावा म्हणून कारागिरानं म्हणे त्या जुळवण्यात आख्खं वर्ष घातलं होतं. हैबतराव तिला रोज तेल लावायचा. त्याची बायको ठकूबाई म्हणायची, "माझ्या केसांना एवढं तेल मिळालं असतं, तर मीपण अशीच चमकले असते."

त्या बंदुकीवर गावची राखण होती. भुईमूग भरायला लागला की डोंगरातून रानडुकरं उतरायची. हैबतरावानं शेतातल्या माळ्यावर बसायचं आणि ती हाकलायची. त्याबद्दल काढणीला घरटी एक पाटी शेंगा, आणि दसऱ्याला देवीच्या पालखीपुढे खांद्यावर बंदूक टाकून चालायचा मान. शेंगा ठकूबाईच्या, मान हैबतरावाचा.

आता गावची रीत अशी, की पहिला बार डोंगराईचा. देवीचं नाव घ्यायचं आणि तो आभाळात सोडायचा. मग राहिला एक. तो डुकरांचा. तो उडाला की बंदूक मधून मोडायची, रिकामी काडतुसं काढायची, नवी घालायची, पुन्हा मिटायची. एवढ्यात शेजारच्या माणसाची एक विडी ओढून व्हायची.

डुकरं काही शाळेत गेली नव्हती, पण बघून बघून दोनपर्यंत मोजायला शिकली. त्यांच्यात एक थोराड डुकरीण होती. एक कान फाटलेला, म्हणून लोक तिला कानफाटी म्हणत. ती कळपाला बांधापलीकडे बसवून ठेवायची. पहिला बार आभाळात गेला की नुसता कान हलवायची. दुसरा झाला की उठायची, अंग झाडायची आणि पंगतीला बोलावल्यासारखी सगळ्यांना घेऊन शेतात शिरायची. एका साली चार वाफे गेले. पुढच्या साली अर्धं शिवार.

त्याच सुमाराला येसाजी हवालदार पेन्शनीत येऊन गावी राहिला. त्यानं येताना एक पाचबारी बंदूक आणली. एकच नळी, काळी कुळकुळीत, ना मोर ना चांदी. पिचकारीसारखी मूठ मागं ओढून पुढं ढकलली, की खटॅक, पुढचं काडतूस आपोआप जागेवर. पाच बार ओळीनं.

हैबतरावानं ती उलटसुलट करून पाहिली. "ही बंदूक आहे का मोरीचा नळ?"

"पाणी येतंय ना दादा," हवालदार म्हणाला, "मग असंना का नळ."

"आणि पडली केवढ्याला?"

"तुमच्या दुनळीच्या चौथाईत. कारखान्यात यंत्रावर ढिगानं निघतात. दोन नळ्या जुळवत बसायचं कामच नाही."

लोक कान टवकारून ऐकत होते, हे हैबतरावाला आवडलं नाही. तो चावडीवर मोठ्यानं म्हणाला, "देवानं माणसाला डोळे दोन दिले, कान दोन दिले, हात दोन दिले. दोन पुरतात म्हणूनच ना?"

ठकूबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती न थांबता म्हणाली, "दात बत्तीस दिलेत. तीस परत करून या."

चावडी हसली. पाटील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हैबतराव, आणखी एक साल शेंग गेली तर गाव काय खाणार आणि काय पेरणार? यंदा डुकरं शिरली, तर राखण हवालदाराकडे. पालखीचा मानसुद्धा."

हैबतरावानं मिशीवर हात ठेवला. मग त्यानं अट घातली. "हवालदारानं खुशाल माझ्याशेजारी माळ्यावर बसावं. पण माझे दोन्ही बार झाले असं मी तोंडानं सांगत नाही, तोवर त्यानं बंदूक उचलायची नाही."

हवालदार पलटणीतला माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. "कबूल," म्हणाला.

ठरल्या दिवशी ऊन डोंगराला टेकलं आणि दोघं माळ्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं बांधापलीकडे फाटका कान दिसला. हैबतरावानं डोंगराईचं नाव घेतलं आणि पहिला बार आभाळात सोडला. तिकडे कान हलला.

दुसऱ्या बाराला त्यानं फार वेळ नेम धरला. एवढा वेळ, की जड नळ्या खाली झुकायला लागल्या. बार झाला आणि शेतातल्या बुजगावण्याच्या डोक्यावरचं मडकं फुटलं.

"नेम बारीक आहे," हवालदार म्हणाला.

कानफाटी उठली. तिनं अंग झाडलं. मागून कळप उठला.

हैबतरावानं घाईनं बंदूक मोडली. पण काडतुसं पुठ्ठ्याची, हवेतल्या ओलाव्यानं फुगलेली. एक नळीत घट्ट रुतून बसलं. त्यानं नखानं ओढलं, मग दातानं. मग बंदूक गुडघ्यात धरून जोरानं हिसका दिला. काडतूस निघालं, आणि त्याच हिसक्यानं हैबतराव बंदुकीसकट माळ्यावरून खाली भुईमुगात गेला.

तो पडला तो नेमका कानफाटी आणि तिच्या पिल्लांच्या मधे. आता तिला शेंगा सुचेनात. तिनं मान खाली घातली आणि फुरफुरली.

वरून आवाज आला, "दादा, तुमचे दोन्ही झाले म्हणायचे का?"

"थांब जरा. भरतोय."

"घाई नाही. विचारून ठेवलं."

हैबतरावानं खिसा चाचपला. काडतुसं वर माळ्यावर राहिली होती. कानफाटी दोन पावलं पुढं आली. त्याच्या डोळ्यांपुढं आजा आला, राजा आला, चांदीचा मोर आला, दसऱ्याची पालखी आली. पण त्या सगळ्यांच्या पुढं डुकरीण उभी होती.

"झाले," तो बारीक आवाजात म्हणाला.

"काय म्हणालात? तोफांजवळ नोकरी झाली, मला जरा कमी ऐकू येतं."

"झाले माझे दोन्ही. तिसरा माझ्यापाशी नाही, येसाजी."

खटॅक. तिसऱ्या बारानं कानफाटीच्या नाकापुढची माती उडाली. ती जागच्या जागी थांबली. दोनानंतर तीन येतात हे तिला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. ती विचार करते आहे तोवर चौथा झाला. मग तिनं हिशेब सोडून दिला आणि पिल्लं, कळप, सगळा लवाजमा घेऊन डोंगराकडे अशी पळाली, की तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हवालदार खाली उतरला. त्यानं हैबतरावाच्या पाठीवरची माती झटकली आणि पाचबारी पुढं केली. "अजून तीन आहेत यात. देवीला आणखी एक द्यायचा का?"

हैबतरावानं नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. मूठ मागं-पुढं करून पाहिली. खटॅक. हाताला बरं वाटलं. मग त्यानं ती हवालदाराला परत दिली.

बार ऐकून गाव पळत आलं. शेत जागच्या जागी होतं. पाटील खूश होऊन म्हणाले, "पाच बार ऐकले. हैबतराव, आज भरायला तुमचा हात भलताच चालला, दुनळीनं कमाल केली. राखण तुमचीच."

हवालदार आभाळाकडे बघत राहिला. तो काही बोलणार नव्हता, हे हैबतरावाला कळलं. नुसतं गप्प बसलं असतं तरी मान राहत होता. ठकूबाई गर्दीतून नवऱ्याकडे बघत होती.

त्यानं खाली पडलेली दुनळी उचलली. "पाटील, दोन बार माझे," तो म्हणाला. "एक देवीला गेला, एक मडक्याला. राखलं ते या मोरीच्या नळानं."

पाटलांनी या वेळी बंदुकीच्या आधी हैबतरावाला रामराम केला.

राखण हवालदाराकडे गेली. पण पालखीची गोष्ट निघाली तेव्हा हवालदारच म्हणाला, "देवीपुढं हा काळा दांडा कशाला? तिथं मोरच पाहिजे." तेव्हापासून पालखीपुढं दुनळी आणि शेतात पाचबारी. पुढच्या सालापर्यंत गावात आणखी तीन पाचबारी बंदुका आल्या. त्यातली एक हैबतरावाची. तिला तेल कमी लागायचं. उरलेलं ठकूबाईनं घेतलं.

आणि कानफाटी? ती पलीकडच्या गावात राहायला गेली. तिथं अजून दुनळीच आहे.

तात्पर्य: वस्तू किती देखणी, यापेक्षा नडीच्या वेळी तिच्यात काही शिल्लक आहे का ते पाहावं, आणि आपलं संपलं असेल, तर ‘संपलं’ म्हणायला लाजू नये.